दोन लाखांना एक किलोमीटर कमी

आमच्या बंगळुरातल्या चामराजपेटेत कुणाच्या घरी आज काय शिजलं हे चौथ्या घरापर्यंत कळतं. तिथे माझ्या मोटरसायकलचा आकडा कुठवर आला हे साऱ्या गल्लीला ठाऊक असावं, यात नवल नाही. गेलं वर्षभर कोपऱ्यावरचा इस्त्रीवाला मला पाहिलं की हातातली इस्त्री उभी करून विचारायचा, "येष्टायतु, अण्णा?" म्हणजे किती झाले. मी आकडा सांगायचा आणि तो समाधानानं मान डोलवायचा. त्याच्याच घरचं कार्य जवळ येत चाललं होतं म्हणा ना!

गाडी जुनी आहे. साडेतीनशे सीसीची, किक मारून सुरू होणारी. गियर उजव्या पायात आणि ब्रेक डाव्या पायात, हल्लीच्या गाड्यांच्या बरोबर उलट. लग्नाच्या आदल्या वर्षी घेतली, म्हणून शारदा, माझी बायको, तिला 'थोरली' म्हणते. पाटबंधारे खात्यात ड्राफ्ट्समन म्हणून मी जन्मभर धरणांचे आणि कालव्यांचे नकाशे काढले आणि रजा मिळाली की शारदेला मागे बसवून ते कालवे जातात कुठे हे बघायला निघालो. पुढे कालवे संपले, पण निघायची सवय राहिली. गोकर्णापासून रामेश्वरापर्यंत आम्ही याच गाडीवर जाऊन आलो.

तिच्या मीटरला पाचच आकडे आहेत. नव्व्याण्णव हजार नऊशे नव्व्याण्णवच्या पुढे पाच शून्यं येतात आणि गाडी पुन्हा कोरी होते. पहिले लाख भरले तेव्हा मी राजाजीनगरच्या एका सिग्नलला बसच्या धुरात उभा होतो. हिरवा दिवा लागला, मागच्यांनी भोंगे वाजवले, मी निघालो. नंतर खाली पाहिलं तर शून्यांच्या शेवटी तीन येऊन बसलेला. हळहळ वाटली ती वाटलीच. दुसऱ्या लाखाला असं होऊ द्यायचं नाही, हे मी तिथल्या तिथे ठरवलं. हँडल माझ्या हातात असेल, शारदा मागे असेल, रस्ता गावाबाहेरचा असेल आणि ती शून्यं फिरताना मी माझ्या डोळ्यांनी बघेन.

पण त्या डोळ्यांनीच दगा दिला. काचबिंदू. समोरचं मला अजून चांगलं दिसतं, वर्तमानपत्रातली बारीक अक्षरंही वाचतो. बाजूचं मात्र गेलं आणि जात चाललं आहे. दाराच्या चौकटीला खांदा आपटायला लागला, ताटातली डावीकडची चटणी 'वाढलीच नाही' म्हणून मी शारदेवर दोनदा चिडलो, तेव्हा कुठे तपासायला गेलो. डॉक्टरीणबाई सौम्य स्वभावाच्या. त्या म्हणाल्या, "गाडी आता हळूहळू सोडा." सरकारी नोकरीत केस पिकलेल्या माणसाला 'हळूहळू' हा शब्द फार आवडतो. मी शहरातली गाडी बंद केली आणि संध्याकाळनंतरची बंद केली. थोरली अंगणात चादरीखाली उभी राहिली, आणि आकडा दोन लाखांना सहाशे कमी असताना थांबला.

जानेवारीत एका सकाळी शारदेनंच ती चादर काढली. "सहाशेच ना? जाऊन येऊ. बाजूचं मी बघते."

बाजूचं बघायची आमची रीत अशी ठरली. डावीकडून काही येत असेल तर तिनं माझ्या डाव्या खांद्यावर थाप मारायची, उजवीकडून येत असेल तर उजव्या. पाठीच्या मधोमध थाप म्हणजे थांबायचं. गल्लीत दोन फेऱ्या मारून पाहिल्या तर भाजीची गाडी, शाळेची पोरं, कुत्री, केळीवाला, अशी खांद्यांवर नुसती तबलजीची बैठक सुरू झाली. मग मी नियम घातला, चाक असेल तरच थाप. माणसं आणि जनावरं हळू चालतात, ती माझी मला दिसतील. शारदा "सरी" म्हणाली.

आमची लेक मेघा, नवऱ्यासह, म्हणजे निखिलसह, जयनगरला राहते. तिला हे कळलं तसा तिनं फोन केला. म्हणाली, "मग मी आणि निखिल कार घेऊन मागून येतो." मी नको म्हटलं. वरातीसारखं मागे कुणी येत असताना प्रवास होत नाही, असं काहीतरी मी बोललो. खरं म्हणजे मला शेवटचं एकदा आम्ही दोघंच हवे होतो.

बिळिगिरीरंगन बेट्ट

कनकपुऱ्याच्या रस्त्यानं शहराबाहेर पडेपर्यंत माझे दोन्ही खांदे हुळहुळले. कनकपुऱ्याला ताटलीएवढ्या तट्टे इडल्या खाल्ल्या. शारदा म्हणाली, "तुमची मान स्वल्प दुखत असेल. सारखी कोंबड्यासारखी फिरवताय." दुखतच होती. जे आपोआप दिसायचं ते आता मान वळवून शोधावं लागत होतं.

मळवळ्ळीच्या पुढे मात्र रस्ता शांत झाला. कावेरी ओलांडली. उसाच्या बैलगाड्या येत होत्या. ऊस दोन्ही अंगांना इतका बाहेर आलेला की बैल दिसतच नाहीत, उसाचा ढीगच डुलत डुलत चाललेला दिसतो. प्रत्येक गाडीला शारदेची थाप अचूक पडत होती. तासाभरानं तर मला थाप वेगळी जाणवेनाशी झाली. डावीकडे काहीतरी आहे एवढं नुसतं कळायचं, पूर्वी कळायचं तसंच. खोटं कशाला सांगू, त्या दुपारी मला वाटलं की आपण काचबिंदूला चकवलं. सहाशे काय, साठ हजार जाऊ.

यळंदूरहून घाट चढून बेट्टावर, म्हणजे डोंगरावर, गेलो. रंगनाथाचं देऊळ अगदी कड्याच्या टोकावर आहे. खाली जंगल पसरलेलं आणि वारा असा की शारदेनं पदर दोन्ही हातांनी धरून ठेवला. या देवाला कातड्याच्या चपला वाहतात. चपला कसल्या, हातभर लांब वहाणाच. देव त्या घालून रानात फिरतो आणि झिजल्या की भक्त नव्या करून आणतात अशी इथली श्रद्धा. दर्शनाला आलेल्यांच्या डोक्यावर त्यांतली एक वहाण टेकवतात. आमच्या घरी चपला उंबऱ्याच्या आत आल्या तर अजून गहजब होतो, आणि इथे सोवळ्यातले लोक चपलेखाली डोकं वाकवून रांगेत उभे होते. शारदेनंही वाकवलं.

पुजाऱ्यांना तिनं विचारलं, "खरंच झिजतात?"

ते म्हणाले, "फिरणाऱ्याच्या झिजणारच की, अम्मा." आणि पुढच्या माणसाच्या डोक्यावर वहाण ठेवली.

त्या रात्री तिथल्याच एका साध्या खोलीत मुक्काम केला. रागीची गरम भाकरी आणि अवरेकाळूचं सारू जेवलो. हिवाळ्यात बंगळुरात घरोघरी हेच पावटे सोलत बसलेले असतात, पण डोंगरावरच्या थंडीत त्याची चव काही और लागली. वाघाच्या भीतीनं अंधार पडल्यावर कुणी बाहेर फिरकत नाही. आम्हीही लवकर झोपलो.

मेलुकोटे

पुढचे दोन दिवस म्हैसुराकडून फिरून मंड्याच्या बाजूला गेले. त्यांतलं एक आलेमने मात्र सांगायला हवं. आलेमने म्हणजे गुऱ्हाळ. रस्त्यावरूनच गोड वाफ नाकात शिरली आणि शारदेनं पाठीच्या मधोमध थाप मारली. मी घाबरून करकचून ब्रेक दाबला. काय झालं म्हणून विचारलं तर म्हणाली, "गूळ." नियमाचा असा उघड गैरवापर! कढईतला रस उकळत होता. तिथल्या माणसानं पळसाच्या पानावर कोवळा गूळ काढून दिला, वर ओलं खोबरं आणि लिंबू. जावई निखिल पुण्याचा. त्याच्या मामाच्या गुऱ्हाळावर गरम गुळात शेंगदाणे घालून खातात म्हणे. गुळाला लिंबू लावलेलं त्याला सांगितलं तर तो "नो वे" म्हणेल, असं म्हणून आम्ही हसलो. जावयाला आम्ही त्याच्या माघारी पुष्कळ चिडवतो. समोर मात्र मी त्याच्याशी बेतानंच बोलत आलो. त्याचं मराठी पुणेरी आणि अर्धं इंग्रजी, आमचं अर्धं कन्नड. मधल्या वाटेनं बोलायला आम्ही दोघंही कधी फारसे उतरलो नाही.

मेलुकोट्याला पोहोचलो तेव्हा उन्हं कलली होती. पुळियोगरे खाल्ला, चिंचेचा काळपट भात, आणि डोंगरावरच्या नरसिंहाच्या पायऱ्या चढलो. अर्ध्यावर बसलो. इथून खालचं गाव, पायऱ्यांचं कुंड, म्हणजे कल्याणी, आणि लांबवर पसरलेली तळी असं सगळं एका नजरेत येतं. याआधी आम्ही तीनदा आलो होतो. या वेळी मला नुसती समोरची कल्याणी दिसली.

"डावीकडचं तळं पाहिलंत का? कसं लखलखतंय," शारदा म्हणाली.

मी मान वळवली. तळं दिसलं, मग कल्याणी गेली. पुन्हा मान वळवली, कल्याणी आली आणि तळं गेलं. दोन्ही एकदम बघायचा मी बराच वेळ प्रयत्न केला. शारदा माझ्याकडे बघत होती हे मला ठाऊक होतं, तीही बाजूलाच होती.

"उद्यानंतर काय?" तिनं विचारलं.

"उद्यानंतर चादर घालायची. ठरलंय ना."

"तुमचं ठरलंय. मी कुठे बसायचं ते सांगा." मग ती म्हणाली, "तीस वर्षं तुमच्या पाठीमागे बसून जग पाहिलं मी. बसमध्ये मला मळमळतं."

मला वाटत होतं की जे काही जातंय ते माझं जातंय. गाडी माझी, डोळे माझे, आकडाही माझा. तिचंही तितकंच जातंय हे मला त्या पायरीवर पहिल्यांदा कळलं आणि फार वाईट वाटलं.

नागमंगलाच्या पुढे

दुसऱ्या दिवशी निघालो तेव्हा नव्वदएक किलोमीटर उरले होते. मी हिशेब असा बसवला होता की नागमंगल, हुलियूरदुर्ग करत मागडीच्या पुढे आलो की सावनदुर्गाचा तो प्रचंड काळा खडक समोर दिसत असताना शून्यं यावीत. नकाशे काढणाऱ्याची हौस, दुसरं काय! थोरली इतकी सुरेख चालली होती की मी चौथ्या गियरमध्ये गुणगुणत होतो. हुलियूरदुर्गाच्या अलीकडे आलो तेव्हा पन्नासच्या आसपास उरले असतील.

जानेवारीत या भागात शेतकरी कुळीथ उपटून डांबरी रस्त्यावर पसरून ठेवतात. येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांची चाकं त्यावरून जातात आणि फुकटात मळणी होते. मोटरसायकलवाल्याला मात्र ते जपून पार करावं लागतं. वाळका पाला आणि खाली बंदुकीच्या छऱ्यांसारखे दाणे, चाक कधी घसरेल नेम नाही. मला हे चांगलं ठाऊक आहे. समोर कुळथाचा पट्टा दिसताच मी वेग कमी केला, हँडल सरळ धरलं. रस्ता मोकळा होता. खांद्यावर थाप नव्हती. मी पाल्यावर चाक घातलं.

शारदा ओरडली, "अहो!"

मी उजवीकडे हँडल मारलं. पुढचं चाक सटकलं आणि थोरली डाव्या अंगावर आडवी झाली. वेग नव्हता म्हणून बचावलो. पाल्यावरून थोडे घसरत जाऊन आम्ही थांबलो. इंजिन बंद पडलं आणि कुणीतरी मोठ्यानं श्वास घेत असल्याचं ऐकू आलं.

एक म्हातारी कुळथाच्या ढिगात बसली होती. हातात दाताळं तसंच धरलेलं. ती वाकून, पाठमोरी, पाला ओढत ओढत डावीकडून मागे मागे रस्त्यात येत होती. आमच्या गाडीचा लेगगार्ड तिच्या शेजारच्या सुपाला लागला होता आणि ते सूप पलीकडच्या चरात जाऊन पडलं होतं. सूप आणि तिचा गुडघा यांच्यात हातभर अंतर असेल.

मी उठून तिच्याकडे गेलो. तिला काही लागलं नव्हतं. ती माझ्याकडे पाहत होती. मग तिनं रस्त्यावर माणसं जे एकमेकांना नेहमी विचारतात तेच विचारलं.

"कण्णु काणल्वा निंगे?" डोळ्यांना दिसत नाही का तुला?

आयुष्यात हा प्रश्न मी पन्नासदा ऐकला असेल आणि तितक्याच वेळा उलट उत्तर देऊन निघून गेलो असेन. त्या वेळी मात्र ती खरोखरच विचारते आहे असं मला वाटलं.

"काणल्ला, अम्मा," मी म्हणालो. "पक्कद्दु काणल्ला." दिसत नाही. बाजूचं दिसत नाही.

हे वाक्य मी तोवर कुणालाही म्हटलं नव्हतं. डॉक्टरीणबाई बोलायच्या, शारदा बोलायची, मी 'स्वल्प कमी दिसतं' म्हणायचो. म्हातारीनं शारदेकडे पाहिलं. शारदेच्या गुडघ्यातून रक्त येत होतं आणि ती रडत होती. तिनं मान हलवून खरं आहे असं सांगितलं. म्हातारी मग दाताळं टेकत उठली आणि घरातून पाण्याचा तांब्या घेऊन आली.

तिच्या ओट्यावर आम्ही तासभर बसलो. शारदेच्या गुडघ्याला तिनं हळद लावली. मग बोलवायच्या भानगडीत न पडता दोन ताटं आणून ठेवली, रागीचा मुद्दा, म्हणजे नाचणीचा उकडलेला गोळा, आणि बस्सारू, डाळ-पालेभाजीचं पातळ सार. भूक नव्हती, पण न खाणं तिला आवडलं नसतं.

"मला दिसली होती हो ती," शारदा हळूच म्हणाली. "केव्हाची दिसली होती. चाक नव्हतं म्हणून हात उचलला नाही. वाटलं, इतकी जवळ आहे, तुम्हाला दिसतच असणार."

"नियम माझा होता," मी म्हणालो. "तुझं काही चुकलं नाही."

आणि मी मेघाला फोन लावला. काय झालं ते सांगितलं. "ये," म्हटलं. "आता मी गाडी चालवणार नाही."

मागडीचा रस्ता

मेघा आणि निखिल पोहोचेपर्यंत ऊन उतरायला लागलं होतं. मेघा काही रागावली नाही. आधी आईचा गुडघा पाहिला, मग माझे दोन्ही तळवे उलटसुलट करून पाहिले, मग थोरलीकडे गेली. डावीकडचा आरसा फुटला होता आणि पायठेवण वाकली होती. बाकी तिला काही झालं नव्हतं.

"अण्णा, आपण टेंपो बुक करू या का?" निखिल म्हणाला. "म्हणजे, सेफली घरी डिलिव्हर होईल. आय कॅन अरेंज."

मलाही तेच बरं वाटलं. टेंपोत चढवली की चाकं फिरणार नाहीत आणि आकडा आहे तिथे राहील. आपल्याच्यानं झालं नाही तर निदान कुणाच्याच हातून नको, असं माझ्या मनात आलं. मनात येतं ते सगळं काही चांगलं नसतं.

"टेंपो कशाला? मी आहे की," मेघा म्हणाली.

"तुला येते ही?" निखिलनं विचारलं.

"हिच्यावरच शिकलेय मी. गियर उजव्या पायात. तुला नाही जमायची." मग ती माझ्याकडे वळली. "देताय ना, अण्णा?"

मी शारदेकडे पाहिलं. ती तिचं हेल्मेट शोधत होती.

"तू कशाला? गुडघा बघ आपला," मी म्हणालो.

"गुडघा माझा आहे," ती म्हणाली. "दोन लाख काय तुमच्या एकट्याचे झाले? मी उतरले होते का मध्ये कुठे?"

म्हातारीनं तिचा हात धरून तिला गाडीवर बसवलं. मेघानं किक मारली. पहिल्या किकेत थोरली सुरू झाली, मला हल्ली चार लागतात.

मी निखिलच्या शेजारी बसलो आणि आम्ही त्यांच्या मागे निघालो. आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं की ही गाडी चालताना मी कधी पाहिलीच नव्हती. आवाज ऐकला होता, तोही वर बसून. मागून तो जास्त जाड येतो. मागचं चाक किंचित डावीकडे ओढत चालतं, तेही मला माहीत नव्हतं. आणि शारदा मागे बसते कशी, हे तर मला कसं दिसणार? ती एका हातानं मागचा दांडा धरते. वळण आलं की गाडीच्या आधी झुकते. डोकं जरा उजवीकडे काढून पुढच्या माणसाच्या खांद्यावरून रस्ता बघत असते, सतत, एकदाही इकडेतिकडे न बघता. तीस वर्षं ती अशी बसली होती. मला वाटायचं ती मागे निवांत डोंगर-झाडं बघते आहे. आज तिचा दुसरा हात मधूनच उचलला जायचा, मेघाच्या खांद्यापर्यंत जायचा आणि परत मांडीवर यायचा. मेघाला थापेची गरज नव्हती.

निखिल तेवढ्या वेळात एकदाच बोलला. "अण्णा, त्या खूप छान चालवतात. मेघा. मला माहीतच नव्हतं." बायकोला तो अहो-जाहो करत होता, बहुतेक घाबरून.

"मलाही," मी म्हणालो.

मागडी मागे पडली. सावनदुर्गाचा खडक समोर आला, उन्हानं तांबूस झालेला. आणि एका सरळ रस्त्यावर मेघानं गाडी कडेला घेतली. आम्ही मागे थांबलो. मला वाटलं शारदेचा गुडघा दुखायला लागला असेल. मी उतरून गेलो.

मेघानं हेल्मेट काढलं होतं. "बघा," ती म्हणाली.

पाचही नऊ. मी वाकून पाहिले. समोरचं मला चांगलं दिसतं.

"शेवटचा तुमचा," मेघा म्हणाली. ती गाडीवरून उतरली आणि हँडल माझ्याकडे केलं. "एकच किलोमीटर, अण्णा. आई मागे आहे. आम्ही कार घेऊन पाठीशी राहतो. हळू जा. बघा ना, रस्ता पूर्ण मोकळा आहे."

शारदा मागच्या सीटवर तशीच बसून होती.

मी हँडलला हात लावला. मूठ गरम होती. रस्त्याकडे पाहिलं. थेट सावनदुर्गापर्यंत रस्ता सरळ गेलेला होता आणि त्यावर काही नव्हतं. माणूस नाही, बैल नाही, वाळत घातलेलं पीक नाही. मला जावंसं वाटलं. इतकं वाटलं की पाय उचललाही.

"मेघा," मी म्हणालो, "मला रस्ता मोकळाच दिसतो गं. त्या अज्जीच्या वेळीही मोकळाच दिसला होता."

मी मूठ सोडली. मेघा काहीतरी बोलणार होती, पण शारदेनं तिच्या पाठीवर हात ठेवला. मेघानं हेल्मेट घातलं आणि ती गाडीवर बसली. निघण्याआधी शारदेनं मागे वळून माझ्याकडे पाहिलं. ती नेमकी समोर होती, म्हणून मला पूर्ण दिसली.

त्या गेल्या. "फॉलो करू ना?" निखिलनं विचारलं. मी त्याला थांबायला सांगितलं. मला ती जाताना बघायची होती. बारीक होत होत ती खडकाच्या सावलीत शिरली. आवाज मात्र त्यानंतरही बराच वेळ येत होता. मग पुढे कुठेतरी भोंगा वाजला, लांबलचक. झालं असणार.

आवाज पुरता थांबल्यावर मी कारमध्ये जाऊन बसलो. पट्टा लावायला डावीकडे हात नेला, तर तो हाताला लागेना. दोनदा चाचपडलो. निखिलनं माझ्या अंगावरून वाकून पट्टा ओढला, कमरेपर्यंत आणला आणि खटका बसवला. मी त्याला बसवू दिला.